नोकरी सोडल्याशिवाय लांब पल्ल्याचं पोहणं होत नाही म्हणणाऱ्यांना

आठ-दहा दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवरून आला. म्हणे लांब पल्ल्याच्या पोहण्याला रोज चार तास लागतात, नोकरीवाल्यानं नाद करू नये, शिफ्टवाल्यानं तर नाहीच, मराठवाड्यात प्यायला पाणी नाही तिथं पोहणार कुठं, अन् विहिरीत शिकलेल्याला समुद्र जमत नाही. मी वाळूजला कंपनीत क्वालिटीला आहे, तिन्ही शिफ्ट करतो, वय 39, शिकलो विहिरीतच, अन् मालवणला चिवला बीचवर 5 किलोमीटर पोहून आलोय. त्यामुळं गप्प बसवेना.

आधी ते चार तास. हा आकडा इंग्लिश खाडीसारख्या मोहिमांच्या तयारीचा आहे. ती खाडी सरळ रेषेत साधारण 34 किलोमीटर, प्रवाहामुळं प्रत्यक्षात जास्तच पडते, वरून पाणी गार. त्यांचा आकडा उचलून 5 किलोमीटरवाल्याच्या माथी मारायचा हे कुठलं गणित? माझा हिशोब सांगतो. 1 किलोमीटरला मला 24-25 मिनिटं लागतात. आठवड्यात तीन दिवस 50-50 मिनिटं, म्हणजे रोजचे 2 किलोमीटर, अन् सुट्टीच्या दिवशी एकदम 4 ते 5. झाले 10-11 किलोमीटर, वेळ साडेचार तास. आठवड्याचे, दिवसाचे नाही! फक्त ते 50 मिनिटं गप्पा मारत पोहायचं नाही, 100 मीटर जोरात, भिंतीवरच्या घड्याळात 15 सेकंद बघून परत 100, असं दहा-बारा वेळा. नुसतं संथ तासभर पोहून दम वाढत नाही, मी वर्षभर तेच करून बसलो होतो.

आता शिफ्ट. इथं मेसेजवाल्याचं थोडं खरं आहे ते मान्य करतो. फर्स्टच्या आठवड्यात साडेतीनला सुटून पाचला पूलवर. सेकंडला रात्री घरी यायला साडेबारा होतात, तर सातपर्यंत पुरती झोप अन् आठची बॅच. नाइटच्या आठवड्यात मात्र दोनच दिवस, ते पण झोप झाल्यावर संध्याकाळी, हळूहळू. सुरुवातीला मी नाइट करून सकाळी सरळ पूलवर जायचो, लई भारी वाटायचं, एकदा घरी येताना गाडीवर डोळा लागला अन् डिव्हायडरला घासून वाचलो. त्या दिवसापासून झोप आधी, पोहणं नंतर. म्हणजे अडचण नोकरीची नाही, पहाटे चारलाच उठलं पाहिजे ह्या हट्टाची आहे. तीन आठवड्यांतला एक हलका गेला म्हणून दम कुठं पळून जात नाही, उलट खांद्याला आराम मिळतो. अन् सुट्टीचे दोन तास मी पाण्यात असतो तेव्हा पोरांकडं बायको बघते, हे कुणी मोजत नाही पण मोजायला पाहिजे, म्हणून दुपारनंतरचा वेळ तिचा, मग कुणाचाही फोन येऊ दे.

पाण्याचा मुद्दा दुखरा आहे. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे आपण कुणीच विसरलेलो नाही, तशा वर्षी पूल बंद ठेवले तर मी पहिला हो म्हणीन. पण पूलचं पाणी रोज बदलतात हा गैरसमज आहे, तेच पाणी फिल्टरमधून फिरतं, उडालेलं अन् फिल्टर धुताना गेलेलं तेवढं वरून भरतात. अन् पूल बंद असला की सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी मागं ओढायची. वीस मिनिटांत खांदे भरून येतात. नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात, मात्र एकटं कुणी उतरू नका. परवानगी, सोबत बोट, कमरेला फुगा, हे नसलं तर नाहीच.

राहिली विहीर. चुलत्यानं पाठीला डबा बांधून ढकललं होतं मला, आपल्याकडं अर्धी पोरं तशीच शिकली. विहिरीवाला मान वर काढून पोहतो, त्यानं पाय बुडतात अन् दम लवकर जातो, हे खरं. पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला मला तीन महिने लागले. पण समुद्रात दर आठ-दहा हातांनी मान वर काढून खूण बघावीच लागते, नाहीतर माणूस भलतीकडंच जातो, अन् तिथं पूलवाल्यांची मान अवघडली, माझी नाही. खाऱ्या पाण्यात अंग पण वर राहतं. जड जातं ते भिंत नसणं. 25 मीटरच्या पूलमध्ये 5 किलोमीटरला 200 फेऱ्या, म्हणजे 199 वेळा भिंतीला पाय मारून फुकटचं अंतर मिळतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी भिंतीच्या अलीकडंच वळतो, पाय लावत नाही. पहिल्या दिवशी 1 किलोमीटरात हात शिसं झाले होते.

आणि लहानपणापासून कोच लागतो म्हणणाऱ्यांनी मिहिर सेन यांचं वाचावं. बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेला माणूस, आधीचे प्रयत्न फसले, तरी 27 सप्टेंबर 1958 ला 14 तास 45 मिनिटांत इंग्लिश खाडी पार केली.

माझी सोमवारपासून फर्स्ट आहे. पाचला पूलवर असतो, ज्याला न थांबता पहिला किलोमीटर काढायचाय त्यानं चष्मा-टोपी घेऊन यावं, शेजारच्या लेनमध्ये मी मोजतो.