एलईडी रात्री मंद जळतो? रोज बल्ब काढू नका, एकदा टेस्टर लावा

“सरकारने 15 रुपयांचा पिवळा बल्ब बंद करून महागडे एलईडी आपल्या गळ्यात मारले. त्यात पारा असतो, फुटला तर घराबाहेर पळा. बटण बंद केलं तरी ते मंद जळतात, मीटर फिरत राहतो. म्हणून रोज रात्री बल्ब काढून ठेवा.” हा मेसेज आमच्या मामींपर्यंत पोचला आणि त्या खरोखरच रोज स्टुलावर चढायला लागल्या. आता गप्प बसणं शक्य नाही.

बल्ब काढायचा सल्ला सगळ्यात घातक. बटण बंद असताना एलईडी काजव्यासारखा मिणमिणतो, त्याची नेहमीची कारणं दोन. बटणातच इंडिकेटर (छोटा दिवा) असेल तर त्यातून झिरपणारा करंट बल्बमधला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरत राहतो. हे निरुपद्रवी. तो करंट मिलिअँपभर धरला तरी महिन्याला युनिटचा सहावा हिस्सा होतो. दुसरं कारण मात्र जीवघेणं: वायरमनने बटण फेजऐवजी (शॉक देणारी जिवंत वायर) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) घेतलेलं असतं. मग बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये फेज जिवंत, आणि बल्ब काढला की दोन्ही पिना उघड्या. ही चूक पिवळ्या बल्बच्या काळातही होतीच. एवढ्याशा करंटवर फिलामेंट तापत नाही, म्हणून दिसत नव्हती इतकंच.

मेन स्विच पाडा, बल्ब काढा, मेन चालू करा. दिव्याचं बटण बंदच ठेवून टेस्टर एकेका पिनेला लावा. अंधुक पेटला तर बहुधा इंडिकेटरचा किंवा शेजारच्या वायरीचा प्रताप. लख्ख पेटला तर वायरमनला बोलवा आणि त्या पॉइंटचा फेज बटणावर घ्यायला सांगा. त्याच बोर्डावरचे बाकीचे पॉइंटही तपासून घ्या. बोर्डाला येणाऱ्या वायरीच उलट्या असतील तर सगळेच तसे निघतील.

पारा सीएफएलमध्ये (वळवलेल्या नळीचा जुना पांढरा बल्ब) असतो, एलईडीत नाही. जुना मेसेज, नुसतं नाव बदललंय. पाऱ्यावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या 2022 च्या बैठकीत 30 वॅटपर्यंतचे घरगुती सीएफएल 2025 पर्यंत हद्दपार करायचं ठरलं. एलईडी त्या यादीत नाहीत, कारण त्यांत पाराच नाही. घरात जुना सीएफएल फुटलाच तर खिडक्या उघडून दहा मिनिटं खोलीबाहेर थांबा, झाडू न मारता पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला.

बंदी? केंद्राने पिवळ्या बल्बच्या विक्रीवर देशभर बंदी घातलेली नाही. 2015 ची उजाला योजना स्वस्त एलईडी विकण्याची होती, घ्यायची सक्ती नव्हती. सक्ती आहे ती एलईडीच्या खोक्यावर स्टार लेबल छापायची, आणि ती कंपनीवर.

स्वस्ताईचं गणित सोपं आहे. रोज पाच तास जळणारा 60 वॅटचा बल्ब महिन्याला 9 युनिट खातो, तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी 1.35. युनिट 8 रुपये धरलं तर महिन्याला 61 रुपये वाचतात.

एक तक्रार मात्र, नाइलाजाने, मान्य: खोक्यावरचे 25,000 तास घरात क्वचितच भरतात. एलईडीची चिप सहसा मरत नाही, मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारं बल्बमधलं सर्किट. बंद काचेच्या डोममध्ये उष्णता कोंडली की त्यातला कपॅसिटर सुकतो. डोम काढा किंवा कमी वॅटचा बल्ब लावा. आणि पिल्लांच्या खुराड्यात मात्र पिवळा बल्बच हवा. तिथे उजेड नव्हे, ऊबच हवी असते.