लहान मुंगळा खाऊन मोठा होत नाही: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी गटांवर मुंगळे पाळण्याविषयीचा एक लांबलचक संदेश सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: वारुळातील लहान मुंगळे ही पिल्ले असतात आणि अंडे व गूळ भरपूर दिल्यास त्यांचे मोठ्या डोक्याचे शिपाई होतात, हे शिपाई नर असून त्यांचे काम केवळ लढण्याचे असते, राणी मेल्यास त्यांच्यापैकीच एक तिची जागा घेतो, आणि वसाहत दुबळी वाटल्यास दुसऱ्या वारुळातील शिपाई आणून तिच्यात सोडावेत. नर राणीची जागा कशी घेणार, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्यालाही पडलेला दिसत नाही. परंतु त्यावर विसंबून काचेची पेटी मांडणाऱ्यांची वसाहत हकनाक मरते, म्हणून एकेक मुद्दा तपासणे आवश्यक आहे.

मुंगीचे आयुष्य अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांतून जाते आणि त्यांपैकी वाढ होते ती फक्त अळीच्या अवस्थेत. कोषातून बाहेर पडलेल्या मुंगीचे कवच एकदा कडक झाले की तिचे डोके किंवा पाय पुढे केसभरही वाढत नाहीत, मग ती कितीही खावो. गैरसमज होण्यास मात्र सबळ कारण आहे. साखरपाणी पोटभर प्यालेल्या मुंगळ्याचे पोट इतके तट्ट फुगते की त्यावरील काळे पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात आणि त्यांच्यामधली पातळ, फिकट त्वचा स्पष्ट दिसू लागते. पाहणाऱ्याला तो मुंगळा वाढला असे वाटते. प्रत्यक्षात तो द्रव बराचसा इतरांसाठी साठवलेला असतो आणि तोंडातून तोंडात वाटला गेला की पट्टे पुन्हा जवळ येतात.

आकार आधीच ठरतो हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचीही गरज नाही. आपल्याकडील नेहमीच्या काळ्या मुंगळ्याच्या, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेससच्या, वारुळात ज्यांना लोक सर्रास अंडी म्हणतात ती पिवळसर, लांबट पुटके वस्तुतः कोष असतात. त्यांच्या एका टोकाला काळा ठिपका असतो आणि तो अळीने कोषात शिरल्यावर टाकलेल्या विष्ठेचा असतो. मोठ्या वसाहतीतील हे कोष शेजारीशेजारी पाहिले तर काही बारीक आणि काही चांगले टपोरे आढळतात. मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्या, म्हणजेच संदेशातले शिपाई, टपोऱ्या कोषांतूनच निघतात.

आता अंडे आणि गूळ यांविषयी. प्रौढ मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही, ती केवळ द्रव पिते. अंड्याचे किंवा किड्याचे तुकडे ती अळ्यांकडे नेते. त्यामुळे प्रथिनांचा आहार आवश्यक आहे हे खरे, पण तो अळ्यांसाठी, आणि पेटीत अळ्याच नसतील तर टाकलेले अंडे कुजून बुरशी आणण्यापलीकडे काही करत नाही. ज्या घरांत अंडे चालत नाही तेथे मेलेले नाकतोडे किंवा झुरळे देता येतात, मात्र फवारा मारून मेलेले झुरळ कदापि देऊ नये.

शिवाय भरपूर आहार मिळाला म्हणून प्रत्येक अळीची मोठी कामकरी होत नाही. एकट्या राणीने वाढवलेली पहिली फळी नेहमीच खुजी असते, कारण तेव्हा राणी स्वतः उपाशी राहून, पंखांच्या निकामी झालेल्या स्नायूंतून आणि अंगच्या साठ्यातून अळ्या पोसते. वसाहत बरीच वाढल्यावरच मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्या दिसू लागतात, आणि तोवर धीर धरण्याला पर्याय नाही. ज्या जातींत सर्व कामकरी एकाच मापाच्या असतात, उदाहरणार्थ पिवळी वेडी मुंगी, त्यांच्यात तर कोणताही खुराक शिपाई निर्माण करू शकत नाही.

शिपाई नर असतात हे विधान सपशेल चूक आहे. वारुळात राबणारी लहानमोठी प्रत्येक मुंगी मादी असते. नराला पंख असतात, त्याचे आयुष्य थोडे असते आणि मिलनापलीकडे वसाहतीत त्याचे काम नसते. मोठे डोके म्हणजे लढवय्या हेही अर्धसत्यच आहे. फायडोल या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांमध्ये ते डोके जबड्याच्या स्नायूंनी भरलेले असते आणि त्याचा उपयोग कठीण दाणे फोडण्यासाठीही होतो. केअरबारा डायव्हर्सा या जातीत सर्वांत मोठी कामकरी सर्वांत लहान कामकरीपेक्षा वजनाने सुमारे 500 पट असते, आणि हे धूड चालण्याच्या वाटेवरील काटक्या हटवण्याचेही काम करते. उलट, जांबोटीकडच्या काजू-आंब्यांवर पाने शिवून घर करणाऱ्या हुंबिलांमध्ये अन्न आणणे आणि लढणे ही दोन्ही कामे मोठ्या कामकरी करतात, तर लहान कामकरी घरात राहून अळ्या सांभाळतात.

राणी मेल्यावर मुंगळ्यांची वसाहत संपते, फक्त ती संपायला काही महिने लागतात. कामकरी मुंगळ्यांचे मिलन होत नाही, त्यामुळे त्यांनी अंडी घातली तरी ती अफलित असतात आणि त्यांतून केवळ नर निपजतात. फायडोलच्या कामकरींना तर बीजांडकोशच नसतात. कामकरीच राणीचे काम करते अशा मुंग्या भारतात आहेत, डायकामा आणि हार्पेग्नॅथोस ही त्यांची उदाहरणे, पण त्यांच्यावरून मुंगळ्यांविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

सर्वांत घातक सल्ला शेवटचा आहे. प्रत्येक वसाहतीचा स्वतःचा गंध कवचावरील मेणचट द्रव्यांत असतो आणि परका गंध ओळखताच मुंगळे तुटून पडतात. बाहेरून आणलेले शिपाई नव्या, चार-दोन कामकरींच्या वसाहतीत सोडणे म्हणजे राणीलाच मारेकऱ्यांच्या हाती देणे होय. त्याच जातीचे कोष मात्र अनेकदा स्वीकारले जातात, कारण त्यांतून निघणारी मुंगी त्याच घराचा गंध उचलते. कदाचित संदेशामागे ऐकीव स्वरूपात हीच गोष्ट असावी. फायडोलच्या बाबतीत तर जादा शिपाई उलटेच काम करतात. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे संशोधक एहाब अबूहेफ यांच्या गटाने 2018 मध्ये दाखवले की शिपाई होणाऱ्या अळीतील पंखांच्या अवशिष्ट चकत्या, म्हणजे ज्यांचे पुढे पंख होत नाहीत असे पेशींचे पुंजके, तिचे डोके मोठे करण्यास कारणीभूत असतात, आणि प्रौढ शिपायांचे गंधद्रव्य या चकत्यांची वाढ रोखते. शिपाई पुरेसे झाले की वसाहत नवे शिपाई घडवणे स्वतःच आवरते घेते.