तुमची ब्लू टिक दिसतेय मॅडम

“मॅडम, व्हिडिओ बघितलाय तुम्ही, इथे दिसतंय ना.” काउंटरवरच्या मुलीनं चार लोकांदेखत मोबाईल माझ्याकडे वळवून हे ऐकवलं. मी एवढंच विचारलं होतं की पोराला कालपासून शिंका येतायत, तर उद्याचं टॉन्सिलचं ऑपरेशन होणार की पुढे जाणार. आता ब्लू टिक मी कित्येक वर्षं बंद ठेवलीय, खास सासरच्या ग्रुपसाठी, पण ग्रुपमध्ये ती बंद होतच नाही हे मला त्या काउंटरवर कळलं. म्हणजे सासरच्यांनाही इतके दिवस दिसतंय. असो.

तर हॉस्पिटलचा आई-बाबांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कल्पना चांगलीच आहे हो, कारण डॉक्टर समोर बसून सांगतात तेव्हा आपल्या डोक्यात काही शिरत नाही. ग्रुपवर मेसेज येतो: जेवण आणि दूध भूल द्यायच्या ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, पाणी २ तास. कारणही दिलेलं असतं, भुलीत पोटातलं उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. एवढं स्पष्ट. पण ग्रुपमध्ये अप्पा होते.

अप्पा म्हणजे कुणाच्या तरी हर्नियावाल्या नातवाचे आजोबा. डीपीला स्वतःचा सत्काराचा फोटो, शाल-नारळासकट.

“सिस्टर, गाईचं दूध चालेल का?”

“नाही आजोबा, कुठलंच दूध नाही.”

“चहा? त्यात दूध नावालाच असतं.”

“दुधाचा नाही.”

“मग कोरा?”

इथे सिस्टर जरा थांबल्या असाव्यात, कारण नियमानं कोरा चहा पारदर्शक पेयात बसतो. त्यांनी लिहिलं, ज्याच्या आरपार पेपर वाचता येतो ते २ तास आधीपर्यंत चालतं. झालं! रात्री साडेअकराला अप्पांनी फोटो टाकला, काचेचा ग्लास, आत पाणी घालघालून पातळ केलेलं ताक, मागे पेपर. खाली लिहिलेलं, “हेडलाईन वाचता येते. बारीक अक्षर नाही.”

मी एकटीच स्वयंपाकघरात खदखदून हसले. सिस्टर हसल्या नसाव्यात, सकाळी ग्रुपला कुलूप, फक्त ॲडमिन मेसेज टाकणार. आणि माझा शिंकांचा प्रश्न टाईप करून तयार!

फोन केला तर “ग्रुपवर सगळी माहिती आहे.” व्हिडिओत नेलपॉलिश काढा आहे (बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात म्हणून), आवडतं खेळणं आणा आहे, मागे बासरी आहे, आणि ‘सर्दी असल्यास कळवा’ पण आहे. कुठे कळवा? म्हणून तर मी काउंटरवर उभी होते ना बाई! शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पोराच्या छातीला स्टेथो लावला, ताप आहे का, खोकला आहे का विचारलं आणि म्हणाले, नाकापुरतंच आहे, करू उद्या. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी मी रिक्षानं येऊन चार लोकांत अपमान करून घेतला.

आणि ऑपरेशननंतर पोरगं जागं झालं ते किंचाळत, मला लाथा मारत, ओळखेचना. माझे हातपाय गार. वॉर्डातली सिस्टर शांतपणे म्हणाली, भुलीतून उठताना मुलं असं करतात, अर्ध्या तासात निवतात, “व्हिडिओत आहे की.” निवला तो, पण व्हिडिओत नाहीये. मी नंतर बासरीसकट पूर्ण बघितला. हे ग्रुपवर एकाच माणसानं सांगितलं होतं, अप्पांनी, लांबलचक व्हॉइस नोटमध्ये, मोठ्या नातीच्या वेळचा अनुभव, मागे कुकरच्या शिट्ट्या. ती ॲडमिननी उडवली, आणि मीही तोवर अर्धीच ऐकली होती, कारण सुरुवात त्यांच्या स्वतःच्या मोतीबिंदूपासून होती.

आज ग्रुपवर मेसेज आलाय, ‘आपल्या सूचना याच ग्रुपवर मोकळेपणाने कळवा.’ कुलूप तसंच आहे. खाली अप्पांचा अंगठा.