‘पैसे घेऊन झोपलेत’ म्हणे! कॉमिकच्या उशिरावर फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

तो मेसेज परवा आमच्या दाजींनी भाच्याला फॉरवर्ड केला आणि खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं, ‘बघ, तुला ज्या लाईनमधे जायचंय तिथली माणसं ही अशी असतात.’ भाचा लातूरला असतो, दिवसरात्र चित्रं काढतो, स्वतःची कॉमिक काढायची म्हणतो आणि त्यावरून घरात आधीच रोज किटकिट, त्यात हे आयतं कोलीत. कॉमिक वाचणाऱ्या पोरांच्या ग्रुपमधून निघालेला मेसेज फिरत फिरत सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपपर्यंत पोचला म्हणजे बघा किती फिरला असेल. म्हणणं असं की अमेरिकेत जे लेखक-चित्रकार स्वतःच्या मालकीची कॉमिक काढतात, क्रिएटर-ओन्ड म्हणतात ती, ते वाचकांकडून आगाऊ पैसे घेतात आणि झोपतात, अंक वेळेवर येतच नाही. एका अंकाची बावीस पानं काढायला दोन आठवडे बास झाले. मार्वल-डीसीसारख्या मोठ्या कॉमिक कंपन्यांना दर महिन्याला जमतं तर यांना काय धाड भरली. पब्लिशरनं सरळ दुसरा चित्रकार बसवावा नाहीतर एआयकडून काढून घ्यावं. आणि तोवर सगळ्यांनी मिळून त्या चित्रकाराला रोज टॅग करून जागं करावं.

आधी पैशाचं बोलू, कारण दाजींचं मोंढ्यात आडत दुकान आहे आणि पैशाची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. दाजी, तुमच्याकडं सोयाबीनचा काटा व्हायच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते का? बी त्याचं, खत त्याचं, फवारणी त्याची, आणि पैसे माल विकल्यावर. क्रिएटर-ओन्डमधे बऱ्याचदा हिशोब हाच असतो. इमेज कॉमिक्स नावाची कंपनी मार्वलमधून बाहेर पडलेल्या सात चित्रकारांनी १९९२ साली काढली ती याच कारणासाठी की आपण काढलेलं पात्र आपलं राहावं. तिथं कंपनी प्रत्येक अंकामागं ठरलेली फी कापते, ती पण टक्क्यात नाही, ठोक रक्कम. छपाईचा खर्च आणि ती फी वजा जाऊन उरलं तर लेखक-चित्रकाराचं, नाही उरलं तर नाही. मार्वल-डीसीत पानामागं मजुरी मिळते, पान दिलं की बिल लागलं. इमेजच्या ठरलेल्या पद्धतीत ती नाही, एरवी उचल पण नाही. म्हणजे अंक लांबला की चित्रकाराचीच चूल थंड पडते, आणि तुम्ही म्हणताय तो पैसे घेऊन झोपला! तिथं वाचक पैसे देतो तो अंक दुकानात आल्यावर देतो.

यात अडकतो तो दुकानदार. हे मान्य करावं लागतंय, मनात नसलं तरी. तिकडं दुकानदाराला साधारण दोन महिने आधी ऑर्डर द्यावी लागते आणि एरवी न विकलेला माल परत जात नाही. इमेजच्या सुरुवातीच्या काळात त्या सातांतल्याच मोठ्या नावांनी अंक इतके लांबवले की दुकानदार मेटाकुटीला आले, १९९३ ची ‘डेथमेट’ ही मालिका अजून त्यासाठीच आठवली जाते. तो राग खरा आहे. पण तीस वर्षांपूर्वीच्या त्या दुकानदाराचा राग आज लातूर-परभणीत बसलेल्यानं स्वतःच्या नावावर कशाला घ्यायचा?

आता ते ‘दोन आठवडे बास’. हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं खरं तर, बाकीचं मी सोडून पण दिलं असतं. एक पान म्हणजे काय याची लिहिणाऱ्याला कल्पना नाही. आधी कच्ची मांडणी, मग पेन्सिल, मग शाई, मग रंग, मग अक्षरं. भाच्याचं एक पान मी बघितलंय, गंजगोलाईचं, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेचं. वरच्या चौकटीत गोलाई वरून दिसते, सोळा रस्ते आत येतात, प्रत्येक रस्त्याच्या तोंडाला हातगाडे, दुकानांच्या पाट्या, वायरींची जाळी. बरं हे एकदा काढून भागत नाही. खालच्या चौकटीत नायक वळतो, म्हणजे तीच गोलाई आता उलट्या बाजूनं दिसली पाहिजे, डावीकडचं बांगड्यांचं दुकान उजवीकडं आलं पाहिजे, त्याच्यापुढं लावलेल्या स्कूटरचा फुटका आरसा तोच राहिला पाहिजे, आणि नायकाच्या शर्टची बाही मागच्या पानावर दुमडलेली होती ती इथं पण दुमडलेली पाहिजे. पोरगं पाट्यांवरची अक्षरं तिरक्या कोनातून बसवत संध्याकाळच्या संध्याकाळ घालवत होतं आणि शेवटी ती चौकट खोडून परत काढली, कारण माणसाच्या डोक्यापेक्षा दरवाजा बुटका आला होता. आणि हे सगळं आपण किती वेळ बघतो? चार सेकंद, पान उलटलं.

मुरलेला माणूस अर्थातच जास्त वेगानं काढतो. दिवसाला एक पान, हा चांगला वेग धरतात. बावीस पानं, एक कव्हर, म्हणजे तेवीस दिवस, रविवार धरून, ताप-सर्दी न धरता. त्यात रंग पण स्वतःच भरायचे असतील तर महिना कुठं गेला कळत नाही. दोन आठवडे कुठून आणले यांनी?

‘मार्वल-डीसीला जमतं’ याचं उत्तर तर एका वाक्यात आहे, तिथं एक माणूस ते करत नाही. पेन्सिलवाला वेगळा, शाईवाला वेगळा, रंगवाला वेगळा, आणि मुख्य चित्रकार मागं पडला की दोन अंकांसाठी दुसरा उभा करतात. २०१६ पासून डीसीनं काही मालिका महिन्यातून दोनदा काढल्या, त्या चित्रकार आलटून पालटून. पात्र कंपनीचं, त्यामुळं हात कुणाचा का असेना.

मग इथंही दुसरा बसवा की, असं मेसेज म्हणतो. त्यासाठी ‘सागा’ या मालिकेचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त शिव्या तिलाच पडतात. लेखक ब्रायन के. वॉन, चित्रकार फिओना स्टेपल्स, मालकी दोघांची. मार्च २०१२ ला पहिला अंक, जुलै २०१८ ला चोपन्नावा. सहा वर्षं चार महिन्यांत चोपन्न अंक, अकराशेच्या वर पानं, आणि चित्रं, रंग, कव्हर सगळं त्या एका बाईनं केलेलं. मधे मधे सुट्टी होती, पण ती ठरवून, साधारण सहा अंक झाले की थांबायचं, तोवर त्या सहांचं पुस्तक बाजारात, मग पुढचे सहा. हे वेळापत्रक लपवलेलं नव्हतं, वाचणाऱ्याला पाठ झालं होतं. चोपन्न अंकांनंतर, म्हणजे ठरवलेल्या एकशे आठच्या बरोब्बर निम्म्यावर, त्यांनी लांब सुट्टी जाहीर केली आणि जानेवारी २०२२ ला पंचावन्नावा अंक आला, चव्वेचाळीस पानांचा, किंमत पहिल्या अंकाइतकीच, दोन डॉलर नव्याण्णव सेंट. दहा वर्षांनी तोच भाव! लुटणारी माणसं असं करतात होय? आणि मधे दुसरा चित्रकार बसवला असता तर अंक वेळेवर आला असता, मान्य, पण ती सागा राहिली नसती. त्यातल्या माणसांचे चेहरे, ती शिंगं, ते पंख, सगळं त्या बाईच्या हातचं आहे. पब्लिशरला तो अधिकारच नाही, आणि नाही हेच तर बरंय.

शिवाय उशिराचं प्रत्येक खापर चित्रकारावर फोडायचं काही कारण नाही. २०२० च्या एप्रिल-मेमधे अमेरिकेतला तेव्हाचा मुख्य वितरक, डायमंड, त्यानं नवा माल पाठवणंच बंद केलं होतं. पानं तयार असून दुकानं रिकामी. मेसेजमधे ते कुठं आलंच नाही.

एआयचं फार बोलत नाही. ‘झार्या ऑफ द डॉन’ नावाच्या कॉमिकची चित्रं एआयनं काढलेली होती, २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं सांगितलं की मजकूर आणि मांडणीचा हक्क मिळेल, त्या चित्रांचा मिळणार नाही. मालकी राहावी म्हणून ज्यांनी बिनपगारी काम पत्करलं त्यांना तुम्ही मालकीच न मिळणारी चित्रं काढायला सांगताय, वा!

आता ते टॅग करून जागं करणं. याच्यात मेसेज नुसता चुकीचा राहत नाही, नासका होतो. भाच्यानं इन्स्टावर त्या कॉमिकची सुरुवातीची पानं टाकली होती, त्याखाली कुणीतरी ‘पुढचं पान कधी, झोपलास का’ लिहिलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं हाच मेसेज तिथं चिकटवला. एक रुपया कुणाकडून घेतला नाही त्या पोरानं. त्यानं पानं काढून टाकली आणि आता विचारलं की म्हणतो, पूर्ण झाल्याशिवाय दाखवणारच नाही. एवढ्यानं पोरगं बिचकलं, तर ज्यांना हजारो लोक रोज हे लिहितात त्यांचा हात त्या दिवशी जास्त वेगानं चालत असेल असं वाटतं का कुणाला? विचारायला हरकत नाही, विचारा की, ‘तब्येत बरी का, अंक कधी’ असं माणसासारखं विचारता येतं. पण ठरवून, रोज, सगळ्यांनी मिळून एका माणसामागं लागायचं याला आमच्याकडं पिडणं म्हणतात, वाचकाचा हक्क नाही.

आणि हक्क आहेच, तो मी नाकारत नाही. तारीख सांगायची तर पाळायची, नाही जमली तर आधी कळवायचं, एवढं मागायचा हक्क वाचकाला आहे. सागावाल्यांनी पण किमान वर्षभर म्हणून सुट्टी घेतली आणि साडेतीन वर्षं लावली, मला पण राग आला होता, लई आला होता. ‘बॅटल चेसर्स’ या मालिकेचा तर मी काही बचाव करूच शकत नाही. जो मॅडुरेरा नावाच्या चित्रकारानं १९९८ साली ती सुरू केली, नववा अंक २००१ ला आला, गोष्ट अर्धवट टांगून साहेब व्हिडिओ गेममधे गेले आणि दहावा अंक आला २०२३ ला. बावीस वर्षं! त्यात पण चित्रं दुसऱ्या माणसाची, लुडो लुलाबीची, मॅडुरेरा नुसता लेखक. म्हणजे दुसरा चित्रकार बसवायचाच असेल तर मालक स्वतः बसवतो, पब्लिशर नाही, आणि इथं मालकानं बसवायला सुद्धा बावीस वर्षं घेतली. या माणसाला शिव्या घालायच्या तर घाला, मी आडवा येणार नाही. फक्त तो नववा अंक पैसे मोजून घेतलेल्यानं घालाव्यात, टेलिग्रामवरून फुकट पीडीएफ उतरवून ‘आमचे पैसे खाल्ले’ म्हणणाऱ्यानं नाही.