विटेत किती टक्के धूळ? प्रश्नच चुकतोय

पोलाद वितळवणाऱ्या भट्टीच्या बॅग फिल्टरमध्ये, म्हणजे धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांत, साठलेली धूळ मातीत मिसळायची आणि विटा भाजायच्या. कचराही संपतो, मातीही वाचते. जालन्यापासून बुटीबोरीपर्यंत सळईचे कारखाने असलेल्या राज्यात ही कल्पना निघणारच. तिच्या बाजूने नेहमी दिला जाणारा पुरावा असा की, पाच टक्के धूळ घालूनही वीट दाबाच्या चाचणीत उतरली. उतरणारच. धुळीतलं लोह, जस्त आणि क्षार मातीला लवकर वितळवतात, त्यामुळे वीट थोडी जास्तच पक्की आणि लाल होते. पण आयएस 1077 हे विटेचं भारतीय मानक माप, ताकद, पाणी शोषणं आणि लोणा (पृष्ठभागावर येणारे पांढरे क्षार) एवढंच तपासतं. त्यात शिशाचा उल्लेखही नाही.

आता हिशोब करू. वीट 3 किलोची, धूळ 5 टक्के, म्हणजे एका विटेत 150 ग्रॅम. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचं भंगार वितळवणाऱ्या विद्युत भट्टीच्या धुळीत 25 टक्के जस्त आणि 2 टक्के शिसं असणं अगदी नेहमीचं. दहा हजार विटांच्या घरात मग 375 किलो जस्त आणि 30 किलो शिसं गाडलं जातं. शिसं घरात नको, आणि जस्त तर चक्क विकाऊ माल आहे.

इथे जर्मनीत अशी धूळ बहुतांशी वेल्झ भट्टीत, म्हणजे धुळीतलं जस्त काढणाऱ्या भट्टीत जाते. डुइसबुर्ग आणि फ्रायबर्गला त्या आहेत. लांबलचक फिरत्या नळकांड्यात धूळ आणि कोक साधारण 1200 अंशांवर तापवतात. जस्ताची वाफ होते, ती हवेत पुन्हा ऑक्साइड बनते आणि 55 ते 65 टक्के जस्ताची पूड हाती येते. यात पर्यावरणप्रेम थोडं आणि हिशोब जास्त. धुळीत जस्त 18-20 टक्क्यांच्या वर असेल तरच हे परवडतं, आणि जुन्या मोटारींच्या भंगारामुळे इथे ते असतं. धुळीतलं लोखंड मात्र या पद्धतीत स्लॅगमध्ये (भट्टीत उरणाऱ्या मळीत) जातं, आणि त्या स्लॅगचं काय करायचं हा प्रश्न इथेही आहेच. त्यामुळे ‘युरोपात बघा’ म्हणून नाक वर करण्यात अर्थ नाही.

जालन्यातली गोष्ट वेगळी आहे. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांत (विजेच्या चुंबकीय क्षेत्राने धातू वितळवणाऱ्या) भंगारासोबत स्पंज आयर्नही, म्हणजे खनिजातून न वितळवता काढलेलं लोखंडही पडतं आणि त्यात जस्त जवळजवळ नसतं. त्यामुळे एकाच कारखान्याची धूळ एका आठवड्यात जस्ताने भरलेली आणि पुढच्या आठवड्यात नुसती लोखंडाची, असं होऊ शकतं. म्हणून पहिलं काम म्हणजे सायलोतून (धूळ साठवायच्या टाकीतून) पाळीगणिक नमुने घेऊन जस्त, शिसं, कॅडमियम, क्रोमियम आणि क्लोराइड मोजणं. जास्त जस्ताची धूळ वेगळी साठवून जस्त काढणाऱ्याला द्यावी. कमी जस्ताची धूळ गोळ्या करून पुन्हा भट्टीत टाकावी असंही सुचवलं जातं, पण इंडक्शन भट्टीत ते जपून करावं लागतं. लोहाचा ऑक्साइड सिलिकाच्या रॅमिंग मासला, म्हणजे भट्टीत ठोकून बसवलेल्या अस्तराला खातो आणि अस्तर वेळेआधी बदलावं लागतं.

विटेचा विचार करायचाच तर फक्त या उरलेल्या, कमी जस्त-शिशाच्या धुळीचा. तिथेही धूळ कोरडी टाकू नये. तिचे कण बहुतेक 10 मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, सगळे मजुराच्या छातीत जातात. आधी पाण्यात कालवून मग पग मिलमध्ये (माती मळायच्या यंत्रात) मातीत घालावी आणि गाऱ्याचं पाणी नव्याने बसवावं. क्लोराइड जास्त असेल तर विटा वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात आणि भिंतीला लोणा लागतो. धूळ आधी धुता येते, पण ते पाणी गटारात सोडता येत नाही, कारण त्यात शिसं आणि कॅडमियम उतरलेलं असतं. म्हणजे विटेसोबत सांडपाण्याचा प्लांटही आला.

खरी मेख भाजण्यात आहे. शिशाचं क्लोराइड साधारण 950 अंशांवर उकळतं, जस्ताचं त्याच्या कितीतरी आधी, 730 च्या आसपास. म्हणजे विटेत अडकेल असं समजलेलं बरंचसं धुरातून निघून जातं. तुसाची किंवा कोळशाची राख गाऱ्यात असेल तर तिच्यातल्या न जळलेल्या कार्बनमुळे विटेच्या पोटात हवा कमी पडते, जस्ताचा ऑक्साइड तिथेच धातू होतो आणि 907 अंशांपुढे वाफ बनून उडतो. वर निघणारा पांढरा धूर तोच. याउलट हवा भरपूर आणि मातीत चुना असेल तर क्रोमियम सहा संयुजेचं, म्हणजे त्याच्या विषारी रूपातलं होऊन पाण्यात विरघळू लागतं. म्हणून 700 ते 850 अंशांच्या टप्प्यात वीट सावकाश तापवून कार्बन जाळावा लागतो (नाहीतर गाभा काळा राहतो), मग 1000 च्या आसपास स्थिर धरावं लागतं, आणि धुराला चुना व सक्रिय कोळसा घातलेलं बॅग फिल्टर लावावं लागतं. त्या फिल्टरमध्ये पुन्हा शिशाची धूळ जमते, तिचाही हिशोब ठेवावा लागतो.

हे सगळं टनेल भट्टीत, म्हणजे विटा गाड्यांवरून बोगद्यातून सरकवत ठरलेल्या तापमानाला भाजणाऱ्या भट्टीत जमू शकतं. आपल्याकडच्या रचलेल्या वीटभट्टीत नाही. तिथे एका कोपऱ्यात वीट कच्ची आणि दुसऱ्यात वितळून चिकटलेली निघते, धुराला फिल्टर नसतं, आणि कातकरी कुटुंबं भट्टीच्या बाजूलाच झोपडी करून राहतात. अशा भट्टीला घातक कचरा देणं ही माझ्या मते सरळ चूक आहे, मग टक्केवारी पाच असो की एक.

चाचणीही अखंड विटेवर करून भागत नाही. वीट शेवटी फुटते, तिचा रोडा जोत्यात भरावाला जातो, चुरा सुरखी (विटेची पूड) म्हणून चुन्यात पडतो. शिसं आम्लात सुटतं तसं चुना-सिमेंटच्या तीव्र अल्कलीतही सुटतं. कचऱ्यातून काय सुटतं हे बघणारी टीसीएलपी ही अमेरिकी पद्धत आम्लाची चाचणी आहे. तिची मर्यादा शिशाला लिटरमागे 5 मिलिग्रॅम, कॅडमियमला 1. तेवढ्यावर न थांबता 4 मिलिमीटरखाली चुरा करून, वजनाच्या दहापट पाण्यात 24 तास हलवायची युरोपीय चाचणीही लावावी आणि अल्कलीतलं शिसं वेगळं बघावं.

2016 च्या घातक कचरा नियमांतला नववा नियम अशा वापराआधी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी मागतो, आणि ठरलेली कार्यपद्धती नसेल तर प्रत्यक्ष चाचणीही. या नियमाला लाल फीत म्हणणाऱ्यांनी चाचणीच्या वेळी चिमणीतल्या धुराचे आकडे मागावेत. धुळीसोबत मातीत गेलेलं शिसं आणि विटेत सापडलेलं शिसं यांतला फरक तिथेच दिसतो.