विम्बल्डन न जिंकलेला लेंडल आणि आपल्याकडचे कोच

मराठवाड्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ऐंशीच्या दशकातला टेनिसपटू इव्हान लेंडलचा फोटो आणि खाली मजकूर: ज्याला स्वतःला विम्बल्डन जमलं नाही तो कोच झाला, खेळाडू म्हणून ज्यांचं काही झालं नाही तेच शिकवतात, तेव्हा फी भरू नका, व्हिडिओ बघून मुलं शिकतात. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे टेनिस कसंबसं तग धरून आहे, ते पहाटे कोर्टावर हजर होणाऱ्या कोचमुळे. म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

"काही झालं नाही" म्हणे! लेंडल 270 आठवडे जगात पहिला होता. एकेरीत 8 ग्रँडस्लॅम (विम्बल्डनसारख्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली विजेतेपदं), एकूण 94 विजेतेपदं. 1994 मध्ये पाठदुखीनं त्याला थांबवलं.

विम्बल्डनचं मात्र खरं आहे. 1986 ला बेकरनं आणि 1987 ला पॅट कॅशनं त्याला फायनलमध्ये हरवलं. 1990 मध्ये तर गवतावरच्या सरावासाठी त्यानं फ्रेंच ओपन सोडली, जी तो तीनदा जिंकला होता. तरीही सेमीफायनलमध्ये हरला. पण यावरून त्याला शिकवता येणार नाही हे कसं ठरलं? पहिल्या चारही ग्रँडस्लॅम फायनल तो हरला होता. पाचवी, 1984 ची फ्रेंच ओपनची, मॅकेन्रोविरुद्ध दोन सेट मागे पडून जिंकला.

ब्रिटनचा अँडी मरे 2012 च्या सुरुवातीला त्याच्याकडे शिकायला आला, तेव्हा तोही तीन ग्रँडस्लॅम फायनल हरलेला होता. त्या जुलैत विम्बल्डनला चौथी हरला, फेडररकडून. पहिला सेट जिंकूनही हरला आणि माईक हातात घेतल्यावर त्याला रडू आवरेना. बरोबर चार आठवड्यांनी, त्याच सेंटर कोर्टवर, त्याच फेडररला सरळ तीन सेटमध्ये हरवून त्यानं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. सप्टेंबरमध्ये यूएस ओपन जिंकली, ती त्याची पाचवी ग्रँडस्लॅम फायनल. 2013 मध्ये विम्बल्डन. 1936 नंतर प्रथमच ब्रिटिश पुरुष तिथं एकेरीत जिंकला. सगळं श्रेय कोचचं नाही, रॅकेट मरेच्याच हातात होती. पण चार फायनल हरलेल्या पोराच्या मनात काय चालतं, हे लेंडलइतकं कुणाला ठाऊक असणार?

कुणी म्हणेल, लेंडल तरी मोठा खेळाडू होता. मग ऑस्ट्रेलियाचा कोच डॅरेन केहिल घ्या. त्याची सर्वोत्तम क्रमवारी 22, गुडघ्यानं कारकीर्द लवकर संपवली. त्याच्या हाताखाली ऑस्ट्रेलियाचा ह्युइट जगात अव्वल झाला, 2018 ला रुमानियाच्या हालेपनं फ्रेंच ओपन जिंकली, पुढे केहिल इटलीच्या सिनरच्या टीममध्ये आला.

आता व्हिडिओ. आमच्याकडे एका मुलीची सर्व्हिस सारखी नेटमध्ये जायची. घरचे म्हणायचे, हातात जोर नाही. कोच बाजूला उभे राहून नुसतं बघत होते. मग म्हणाले, "बेटा, बॉल मारू नकोस, फक्त वर टाक आणि खाली पडू दे." बॉल दर वेळी डोक्याच्या मागे पडत होता. टॉस, म्हणजे वर टाकलेला बॉल, पुढे आला, सर्व्हिस आत पडायला लागली. व्हिडिओ दुसऱ्याची सर्व्हिस दाखवतो. तुमच्या पोरीचा टॉस कुठे पडतो, ते त्याला दिसत नाही.

फी जड जात असेल तर कोचशी मोकळेपणानं बोला. निम्म्या फीवर, कधी फुकटही शिकवणारे आपल्याकडे आहेत. त्यांना अपयशी ठरवणारा मेसेज तेवढा पुढे ढकलू नका.