यंदा आमच्या कार्यक्रमांत मुख्य गायक नको

मंडळी, आमच्या डोंबिवलीच्या हौशी गायकवृंदाचा हंगाम कोजागिरीला सुरू होतोय आणि गुढीपाडव्यापर्यंत चालणार आहे. गाणी बसायला लागली आहेत आणि गेल्या बैठकीत जोरदार वादही झाला. सूचना अशी आली की दर कार्यक्रमाला टीव्हीवर गाजलेला एखादा गायक बोलवावा, ट्रॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं वाद्यसंगीत, लावावा आणि आपण मागे उभं राहून कोरस द्यावा. हॉल भरेल, खर्च निघेल. सूचना करणारे आमचेच तळमळीचे लोक आहेत, वृंदाचा जमाखर्च वर्षानुवर्षं तेच सांभाळतात. तरीही मी ठाम विरोध केला. बैठकीत सगळं बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

ठाणे-कल्याण पट्ट्यात सध्या कराओकेची चलती आहे. शनिवार-रविवारी लहान हॉल मिळणं मुश्कील झालंय. माणसं पैसे भरतात, घरी रियाज करतात, नटूनथटून येऊन आपली दोन गाणी गातात. नोकरी-संसारात गाणं मागे पडलेल्या माणसाला पन्नाशीत माईक हातात मिळतो, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण तिथे एक जण गातो आणि बाकीचे आपला नंबर कधी येतो याची वाट बघत बसतात. एकमेकांचा आवाज ऐकत गाण्याची जागा गावात दुसरीकडे कुठे आहे, सांगा बरं?

खरं तर ही सवय आपल्या रक्तात आहे. पोवाड्यात शाहिराइतकेच झीलकरी, म्हणजे मागे साथ देणारे, महत्त्वाचे. त्याची ओळ संपता संपता ते ‘जी जी रं जी’ उचलतात, म्हणून त्याला दम घ्यायला उसंत मिळते. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी, वारीत अख्खी दिंडी. आणि आपल्या मध्य रेल्वेच्या लोकलमधली भजनी मंडळं? सकाळच्या गर्दीत टाळ घेऊन उभी असलेली माणसं अभंग उचलतात, तेव्हा मुख्य गायक कोण हे डब्यात कुणी विचारतं का? मग स्टेजवर चढलो की लगेच एक चेहरा पुढे उभा करायची घाई कशाला?

‘पण ते वेगवेगळ्या सुरांत गाणं, हार्मनी वगैरे, आपलं नाही हो,’ असंही बैठकीत कुणी म्हणालं. हे मला अजिबात पटत नाही. गोव्यात मांडो ही कोकणी गाणी दोन आवाजांत गातात. तिथल्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादक-संयोजकांनीच तर हिंदी सिनेसंगीताला सुरांचे अनेक पदर दिले. 1958 साली संगीतकार सलील चौधरींनी मुंबईतच ‘बॉम्बे युथ क्वायर’ हा गायकवृंद उभा केला आणि लोकगीतं अनेक आवाजांत बांधली. आपल्यापासून दीड तासावर घडलेली गोष्ट आहे ही.

असं अनेक आवाजांत गाण्यातून एक अगदी व्यवहाराची अडचणही सुटते. पुरुषांची पट्टी, म्हणजे पेटीवर ते ज्या सुराला ‘सा’ धरतात तो, साधारण काळी एक-दोन, बायकांची काळी चार-पाच. सगळ्यांना एकाच पट्टीत एकच चाल गायला लावली की निम्म्यांचे हाल होतात. वर गेले तर गळा ताणतो, खालच्या सप्तकात गेले तर आवाज पुटपुटल्यासारखा येतो. शाळेत समूहगीताच्या वेळी मला बाईंनी ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलं होतं, ते याच कारणाने. माझा आवाज जाड, खालचा. इतर मुलींच्या पट्टीत तो बसायचाच नाही. आता वृंदात माझ्यासारख्या सातआठ जणींची सुरांची वेगळी ओळ आहे, आणि ती काढली तर गाणं उघडं पडतं. मुख्य गायक आला की पहिली कात्री याच ओळींना लागणार. मग सगळे एका सुरात ‘आ आ’ करणार.

गेल्या रविवारी तालमीत जे झालं ते ऐकाच. एका जुन्या ओवीवर काम चाललं होतं. शेवटी पुरुष षड्जावर (सा) थांबतात, वरच्या आवाजाच्या बायका पंचमावर (प), आणि आम्ही गंधारावर (ग). पेटीवर धरून गात होतो आणि काहीतरी खुपत होतं. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी पेटी बंद केली, फक्त तंबोरा ठेवला आणि आम्हाला म्हणाले, ‘खर्जाची तार ऐका, तिच्यात तुमचा गंधार आहे.’ खर्जाची, म्हणजे तंबोऱ्याची सगळ्यात खालच्या सुराची तार डोळे मिटून ऐकली, तर होता की! तारेतून आपोआप उमटणारा, ज्याला जाणकार स्वयंभू गंधार म्हणतात तो. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो, पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका. आम्ही तेवढंच खाली आलो आणि तिन्ही सूर एकमेकांत असे बसले की खोली भरून गेली. शेजारच्या काकूंचा हात माझ्या दंडावर होता, तो थरथरत होता. हार्मनी परकी म्हणणाऱ्यांनी एकदा तंबोऱ्याजवळ कान नेऊन बसावं. ट्रॅकवर हे कधीच होणार नाही, कारण ट्रॅक तुमचं ऐकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. फुले कलामंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहाच्या मागे यंदा लागू नये. सोसायटीची गच्ची, वाचनालयाचा हॉल, वृद्धाश्रमाचा व्हरांडा, शंभरेक माणसांच्या आतल्या जागा बघाव्यात. तिथे तीस जणांच्या आवाजाला माईक लागत नाही. (गच्चीवर वाऱ्याने आवाज उडून जातो, तेव्हा भिंतीकडे पाठ करून उभं राहावं लागेल.) भाडं वाचलं की गायक बोलवून हॉल भरायची गरजही उरत नाही. मराठी भाषा गौरव दिनाला, 27 फेब्रुवारीला, फक्त ओव्या आणि भारुडं ठेवावीत. आणि पाडव्याच्या शोभायात्रेत चालता चालता गावं. ही शोभायात्रा 1999 साली आपल्याच गावात सुरू झाली. ढोलताशाच्या दोन पथकांमध्ये थोडी जागा मागितली, तर आयोजक नाही म्हणणार नाहीत अशी माझी आशा आहे.

बैठक पुढच्या रविवारी पुन्हा आहे. वृंदातल्या सगळ्यांनी या, विरोधात असाल तरी या. आणि बाहेरच्यांसाठी: आम्हाला खालच्या पट्टीतले पुरुष आवाज फार कमी पडतात, सध्या चौघांवर सगळा षड्ज तोललेला आहे. ऑडिशन नाही, नोटेशन यायला हवं असंही नाही. लोकलमध्ये भजन म्हणत असाल तर तुमची निम्मी तयारी झालेली आहे. कमेंटमध्ये नुसतं ‘येतो’ लिहा, तालमीची वेळ आणि जागा मी मेसेज करते.